तो विटाळ नव्हता, आत्याबाई

प्रिय आत्याबाई,

'प्रिय' लिहिताना हात जरा अडखळलाच. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काय गं ए शाले, सासूला कुणी प्रिय लिवतंय व्हय? तीर्थरूप लिव की!" लिहिलं असतं. पण तीर्थरूपांशी भांडता येत नाही, आणि आज मला तुमच्याशी थोडं भांडायचंही आहे.

चार वर्षं झाली तुम्हाला जाऊन. इतक्या दिवसांत कधी लिहावंसं वाटलं नाही, मग आजच का? माझ्या आईमुळं. ती कागलहून आठवड्यापूर्वी आली आहे. आली ती दारातच बसकण मारून पदरानं वारा घेत राहिली. मार्गशीर्षातली थंडी, आम्ही शाली पांघरलेल्या आणि हिच्या कपाळावरून घाम निथळतोय! चेहरा लालबुंद. मी पाण्याचा तांब्या आणायला आत गेले आणि स्वैपाकघरात तशीच उभी राहिले. मला तुम्ही दिसलात, आत्याबाई.

काल तिला आपल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हो, त्याच. त्यांनी सगळं तपासलं, बरंच विचारलं आणि गोळ्या लिहून दिल्या. त्याच गोळ्या. बाटली आता फळीवर आहे आणि आई तिला हात लावायला तयार नाही. "ह्याच गोळ्यांनी तुझ्या सासूला खाल्लं न्हवं? आणि आता मला देतीस व्हय?" असं म्हणाली. सगळी गल्ली हेच म्हणते. आई आता शेजारी अमिनाबींकडे जाऊन बसली आहे, मामंजी गुळाच्या पेठेत गेलेत, हे कचेरीत आहेत, विजू शाळेत. दुपारचं घर शांत आहे. आईला काय सांगायचं ते मला आधी तुमच्यापाशी बोलून घ्यायचं आहे.

संस्थान विलीन झालं त्या साली मी ह्या घरात आले. तुम्हाला मी किती घाबरायचे, ठाऊक आहे? तुमचा आवाज शुक्रवार पेठेतून पंचगंगेच्या घाटापर्यंत जायचा! भाकरी जरा करपली की ती ताटासकट दारात. उशी भिजली म्हणून तुम्ही पहाटे उठणार, खिडक्या सताड उघडणार, आणि मी थंडीनं कुडकुडत उठले की म्हणणार, "झोपा की राणीसायेब!" भर दुपारी तुम्ही चोळीची गाठ सैल करून शहाबादी फरशीवर आडव्या पडायचा आणि मी जवळून गेले तरी खेकसायचा, "वारं अडवू नगंस!"

मला वाटायचं, ह्या बाईला मी नकोच आहे. एकदा तर मी ट्रंक भरून ठेवली होती. कागलला परत जायचं, आईला सांगायचं की सासू डाकीण आहे. तुमच्या मुलाला मी तसं बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, "आई पूर्वी अशी नव्हती गं." मला तो नवऱ्याचा आईसाठीचा कळवळा वाटला. ते खरं बोलत होते, हे मला कुठं माहीत?

मग तो बाजाराचा दिवस आला. कपिलतीर्थाच्या मंडईत आपण वांगी निवडत होतो. भाजीवालीशी तुमचं नेहमीप्रमाणं जोरात चाललं होतं आणि मध्येच तुम्ही गप्प झालात. तुम्ही गप्प! मी वळून पाहिलं, तर तुमचा गळा, कान, चेहरा, सगळं तापल्या तव्यासारखं झालेलं. तुम्ही पाटीच्या कडेला मटकन खाली बसलात. त्या गर्दीत माझा हात धरलात. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा धरलात तो हात.

"शाले, मला काय व्हतंय गं? मला येड लागतंय का? आतनं कुणीतरी जाळ घालतंय बघ. रात रात डोळा लागत न्हाई. तुझ्यावर वरडतो, आन् मागनं माझं मलाच रडू येतंय."

मी काय सांगणार? माझं वय एकवीस. तिथून तुम्हाला कसंबसं घरी आणलं, तर जिन्यात अमिनाबी भेटल्या. त्यांनी एका नजरेत ओळखलं. "बंद झालं न्हवं तुमचं? मग ते जातानाचं हाय हे. माझं बी झालतं. डॉक्टरीणबाईला दाखवा, लाजू नका." तुम्ही त्यांच्यावरसुद्धा ओरडलात. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच जरीकाठाचं लुगडं नेसून तयार झालात.

दवाखान्यात मी बाहेरच्या बाकावर बसले होते. पडद्याआड तुम्ही डॉक्टरीणबाईंशी भांडत होता ते बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. "कुटं बी हात लावू देनार न्हाई मी!" नंतर आवाज बसला. बऱ्याच वेळानं मला आत बोलावलं. तुमचे डोळे लाल होते, पण तुम्ही सरळ बसला होता.

डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, कारण वाचता येणारी मी. त्या म्हणाल्या, "बाईच्या अंगात एक रस असतो, त्यावर पाळी चालते. वय झालं की तो आटतो. काहीजणींना कळतही नाही, काहींचे असे हाल होतात. ह्या गोळीनं तोच थोडा बाहेरून देता येतो. पण हा काही चूर्ण-काढा नाही. लागेल तेवढीच कमी घ्यायची, नि गरज असेल तोवरच. तीन आठवडे घेतल्या की एक आठवडा बंद. काही महिन्यांनी मला येऊन दाखवायचं. छातीत गाठ लागली, पाय सुजून दुखला, डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून यायचं. आणि अंगावर रक्ताचा एक टिपूस जरी दिसला, तरी त्याच दिवशी."

तुम्ही एवढं एकच ऐकलंत. "रगत? म्हंजे मी परत बाहेरची व्हनार?"

"व्हालच असं नाही. पण दिसलं तर लपवायचं नाही."

"परत बाजूला बसायचं असंल तर मला नगं तुमची गोळी. जळतो तसा जळतो मी."

डॉक्टरीणबाई हसल्या. मीही हसले. त्या वेळी ते हसण्यासारखंच वाटलं, आत्याबाई.

पाळी जाण्याला तुम्ही 'सुटणं' म्हणायचा; ते सुटणं काय होतं, ते मला हळूहळू कळलं. महिन्याचे ते दिवस मागच्या पडवीत काढायचे. घोंगडं वेगळं, ताटली वेगळी, देवाकडं पाठ. आणि तुमच्या सासूबाई कडक. नवरात्रात तुमची पाळी हटकून यायची. घट तुम्ही पेरायचा, माती तुम्ही चाळून आणायची, आणि दुसऱ्या माळेला तुम्ही पडवीत! रोपं वर आलेली तुम्हाला दाराच्या फटीतून बघावी लागायची. हे सगळं तुम्ही मला एकदा शेंगा फोडता फोडता सांगितलंत आणि शेवटी म्हणालात, "आता बघ की. बारा म्हैनं सोवळी हाय मी. अंबाबाईला रोज जातो, घट माझा मी बसवतो. मला अडवनारं कोन हाय?" केवढा तोरा होता तुमच्या बोलण्यात!

सुरुवातीला गोळ्यांनी तुम्हाला मळमळायचं. गुळाचा वास सहन होईना, आणि मामंजी तर पेठेतून येताना अंगाखांद्याला गूळच घेऊन यायचे! त्यांना तुम्ही न्हाणीतच थांबवायचा. मग तेही बसलं. आणि एका सकाळी मी उठले तर घरात उजेड पडलेला आणि तुम्ही अजून झोपलेल्या. मी घाबरून नाकाशी हात धरला. तुम्ही घोरत होता!

त्यानंतरची दोन वर्षं. आत्याबाई, ती दोन वर्षं मला कुणी परत दिली तर मी काय देऊ नये? हे म्हणाले होते ती त्यांची पूर्वीची आई मला त्या वेळी भेटली. तुम्ही मला गुळाचा खडा जिभेवर ठेवून ढेप कुठल्या मातीतल्या उसाची ते ओळखायला शिकवलंत. मला काही ते जमलं नाही. तुम्ही म्हणायचा, "तुझी जीभ न्हवं, ती चामड्याची हाय." संध्याकाळी आपण रंकाळ्यावर जायचो. तुम्ही तिथल्या कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या पैलवानांना नावं ठेवायचा, "ह्याच्या मांडीत काय दम न्हाई," आणि तेही मोठ्यानं! मी लाजून मान खाली घालायचे आणि पोट दुखेपर्यंत हसायचे. विजू झाली तेव्हा तीन दिवस तुम्ही माझ्या उशाशी होता. मुलगी झाली म्हणून शेजारच्या एका बाईनं तोंड वाकडं केलं, तर तिला तुम्ही जिन्यापर्यंत नेऊन पोचवलंत. "परत यायचं तर हसत यायचं," असं बजावून.

गल्ली म्हणते गोळ्यांनी तुम्हाला खाल्लं. मला कसं म्हणता येईल तसं? गोळ्यांनीच तर तुम्हाला माझ्याकडं आणलं होतं.

पण मग तुम्ही काय केलंत हे? मला विचारू द्या. डॉक्टरीणबाईंकडे तुम्ही किती वेळा गेलात? दुसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या होत्या, आता हळूहळू कमी करू. तुम्ही घरी येऊन म्हणालात, "त्या बाईला काय कळतंय, परत जाळ झाला तर?" आणि तो रिकामा आठवडा! त्या आठवड्यात तुमच्या अंगात पुन्हा जाळ व्हायचा, झोप उडायची, म्हणून तुम्ही तो आठवडाच सोडून दिलात. देवळातून येता येता वाटेवरच्या औषधाच्या दुकानात रिकामी बाटली दाखवायची आणि भरलेली घेऊन कनवटीला लावायची. दुकानदारानं कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाही. मला विचारलं की म्हणायचा, "बाईनं चालू ठेवायला सांगितलंय." मी तुमच्यावर विश्वास ठेवला. सासूवर नाही ठेवायचा तर कुणावर?

हे सगळं तुम्हीच नंतर सांगितलंत, अंथरुणावर. त्याआधी मला कशाचा पत्ता नव्हता. तुम्ही माझ्याआधी उठायचा, न्हाणीचं दार लावून तासभर पाणी ओतायचा. मला वाटायचं, म्हातारपणी सोवळं वाढलं. लुगडी तुम्ही स्वतः माडीवर वाळत घालायचा. मला हातच लावू द्यायचा नाही.

मार्गशीर्षातलाच दिवस होता तो. न्हाणीत कळशी पडल्याचा आवाज आला. मी हाका मारल्या, ओ नाही. दार आतून ओढून घेतलेलं, पण कडी लागलेली नव्हती. तुम्ही दगडाला टेकून बसला होता, चेहरा पांढराफटक, आणि पायाखालचं पाणी लाल. मी किंचाळणार तोच तुम्ही माझा पदर ओढलात.

"दार लाव, शाले. कुनाला सांगू नगंस."

"कधीपासून, आत्याबाई?"

तुम्ही मान खाली घातलीत. मी पुन्हा विचारलं.

"आषाढापासनं."

आषाढ! मध्ये श्रावण गेला, गौरी गेल्या, नवरात्र गेलं, दिवाळी गेली. तुम्ही पुरण वाटत होता, विजूला न्हाऊ घालत होता, माझ्या शेजारी बसून भडंग खात होता, आणि अंगातून हे चाललं होतं! माझ्याजवळ बोलला असता तर? मी तुमच्या पोटची नव्हते म्हणून नाही सांगितलंत? हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आता विचारून काय, पण विचारते.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्या कितीतरी वेळ हात धूत राहिल्या. मग मामंजींना आणि ह्यांना बाजूला घेऊन मिरजेला न्यायला सांगितलं. गाडीत तुम्ही खिडकीशी होता. जयसिंगपूरला गाडी थांबली तेव्हा फलाटावर कुणीतरी बाई लेकीला निरोप देत होती. तुम्ही त्या दोघींकडं बघत राहिलात आणि मला म्हणालात, "तुझ्या आईला एकदा बोलवून घे कागलास्नं. मला बोलायचं हाय तिच्याशी." काय बोलायचं होतं? ती आली तोवर तुम्हाला बोलायची ताकद राहिली नव्हती. तुम्ही फक्त तिचा हात माझ्या हातावर ठेवलात.

मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांनी गर्भाच्या पिशवीतला तुकडा काढून तपासला. कॅन्सर. पिशवीच्या बाहेर पसरलेला. कापून उपयोग नाही म्हणाले. किरणांचे शेक दिले, रक्त थोडं थांबलं, आणि पंधरवड्यानं आपण घरी आलो. तुम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण जिना चढताना तुम्ही मध्येच थांबलात, भिंतीवरून हात फिरवलात आणि म्हणालात, "चुना लावून घ्या आता. मानसं येतील."

पण जे मला अजून झोपू देत नाही ते त्यानंतरचं आहे.

मंगळवारी मी देवळातून अंगारा आणला. तुमच्या कपाळाला लावायला बोट पुढं केलं तर तुम्ही मान फिरवलीत. मला वाटलं, दुखतंय. पुन्हा केलं, तर तुम्ही माझा हात झटकलात.

"लावू नगंस मला. मी बाटवलाय घट."

मला काही समजेना. तुम्ही भिंतीकडं तोंड करून सांगत राहिलात. घट बसवायच्या आदल्या दिवशी खूप गेलं होतं. आषाढातच तुम्हाला वाटलं होतं, पाळी परत आली. सांगावं तर पुन्हा पडवी. पुन्हा ते घोंगडं, ती ताटली, ती दाराची फट. सुनेसमोर, नातीसमोर. आणि ती एकदा सुरू झाली म्हणजे दर महिन्याला. देऊळ सुटलं, घट सुटला. "म्हनलं, व्हईल दोन-चार दिसात बंद. न्हाई झालं. मी तसाच घट बसवला. तसाच निवद केला. नऊ दिस देवीसमोर बसलो आन् तिला सगळं दिसत हुतं. म्हनून तिनं मला हे दिलं. माझं मी वडवून घेतलंय."

मी तुमचे पाय चेपत बसले होते. माझे हात थांबले. आत्याबाई, एवढं ओझं तुम्ही मिरजेला नेलंत, परत आणलंत, आणि आम्ही सगळे तुम्हाला दूध घ्या, पेज घ्या म्हणत होतो!

मी तशीच उठून दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी बाहेरच्या बायकांना थांबायला सांगितलं आणि माझ्याबरोबर टांग्यात बसल्या. तुमच्या अंथरुणावर अगदी खेटून बसल्या त्या. पाटाची, खुर्चीची वाट बघितली नाही. तुमचा हात हातात घेतला.

"ऐका माझं. ती पाळी नव्हती. तुमची पाळी कधीच गेली होती. ते आजाराचं रक्त होतं. पायाला जखम झाली, रक्त आलं, तर तुम्ही बाजूला बसता का?"

"न्हाई."

"मग हे तसंच. विटाळ नव्हताच तो."

तुम्ही त्यांच्याकडं बघत राहिलात. लहान मुलगी बघते तसं. "म्हंजे घट बाटला न्हाई?"

"नाही."

"देवीचा राग न्हाई?"

"आजारी माणसावर कशाला रागवेल ती?"

मला वाटलं, आता तुम्ही सुटकेचा श्वास सोडाल. अंगारा लावून घ्याल.  पण तुमचा चेहरा असा काही फाटला, की तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"मग मी कशापायी गप बसलो गं, शाले? कशापायी गप बसलो मी?"

डॉक्टरीणबाईंनी तुमचा हात सोडला नाही.  आपण तिघी तशाच बसून राहिलो. विजू बाहुली घेऊन आली, तुम्हाला रडताना पाहून तिनं बाहुली तुमच्या कुशीत ठेवली आणि ती हळूच निघून गेली.

होळीच्या आत तुम्ही गेलात.

पुढचं तुम्हाला माहीत नाही, ते सांगते. तुम्ही जे बोललात ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही. वर्षश्राद्ध झालं, नवरात्र आलं. घट मी बसवला. आणि दुसऱ्याच माळेला माझी पाळी आली. मी मुकाट्यानं पडवीत गेले. घोंगडं घेतलं, ताटली घेतली. संध्याकाळी मामंजी आले, घटाला दिवसभर पाणी नव्हतं ते त्यांनी पाहिलं. "शालन कुठाय?" त्यांनी ह्यांना विचारलं. हे पुटपुटले.

मामंजी पडवीच्या दारात आले. माझ्याकडं पाठ करून, अंगणाकडं बघत उभे राहिले. त्यांनी ह्या विषयावर सुनेशी बोलायचं म्हणजे! मी अंग चोरून बसले. काय झालं माझं, ठाऊक नाही. मी सगळं सांगून टाकलं. आषाढ, घट, पडवीची भीती, देवीचा राग, सगळं. मला वाटलं, ते रागावतील. ते चौकट धरून उभे होते.  मग घसा खाकरून म्हणाले,

"माझी बायकू ह्या दाराच्या भीतीनं गेली म्हन की."

मी रडायला लागले.

"ऊठ, पोरी. आत जा. घटाला पानी घाल."

"मामंजी, मला चालत नाही..."

"चालतंय. मी सांगतोय. देवीला काय म्हनायचं असंल ते मला म्हनू दे."

आणि ते तिथंच पायरीवर बसले, आत्याबाई. डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला त्यांनी. तुम्ही गेलात त्या दिवशीही ते रडले नव्हते. मी आत गेले. अर्धं पाणी बाहेर सांडलं. तुमची फार आठवण आली. तुमच्या ऐन उमेदीत कुणी असं पायरीवर येऊन बसलं असतं तर?

त्या दिवसापासून ह्या घरात कुणी पडवीत बसत नाही. गल्लीत बरंच बोलून झालं. एक-दोघी आपल्याकडं पाणी पीत नाहीत. पीनात!

आता माझ्या आईचं. काल मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, "गोळ्यांनीच गेल्या का हो आत्याबाई?" त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "गोळी नसती तरी झालं असतं की गोळीनंच झालं, हे मी छातीला हात लावून सांगू शकत नाही. विसावा न देता, न दाखवता, दोन वर्षांहून जास्त घेतल्या, त्यानं नुकसान झालं असण्याची शक्यता आहे. पण पहिला डाग दिसला त्या दिवशी त्या माझ्याकडं आल्या असत्या, तर बहुतेक पिशवी काढता आली असती. बहुतेक आज त्या तुझ्याबरोबर आल्या असत्या." त्या आईला म्हणाल्या, "गोळी घ्यायलाच हवी असं नाही. काहीजणी हे दिवस तसेच काढतात. पण सोसवत नसेल तर घ्या. फक्त एकटीनं घेऊ नका."

मग आईला मी काय सांगू? इतकं लिहिल्यावर मला वाटतं, तुमचंच सांगेन. झाकून न ठेवता. तुम्ही दोन वर्षं शांत झोपलात तेही, आणि आषाढापासून गप्प राहिलात तेही. ऐकून तिनं बाटली परत केली तर मी तिला पदरानं वारा घालीन, रात्रभर खिडक्या उघड्या ठेवीन. घेतली तर मी तिच्याबरोबर असेन.

आणि तुम्हाला शब्द देते, आत्याबाई. आईला दवाखान्यात नेताना मी बाहेर बाकावर बसणार नाही, पडद्याआड तिच्या उशाशी उभी राहीन. तिचा रिकामा आठवडा रिकामाच जाईल, मग ती माझ्यावर कितीही ओरडो. मला ओरडून घ्यायची सवय तुम्ही लावलीच आहे! पुढं कधी माझ्यावरही ही वेळ येईल, तेव्हा मी काही लपवणार नाही. आणि विजू मोठी होईल तेव्हा तिला मी सगळ्यात आधी हे सांगेन, की रक्त दिसलं की आईला हाक मारायची. मी चुलीपुढं असेन, देवघरात असेन, नैवेद्याचं ताट हातात असेल, तरी हाक मारायची. मी ताट तसंच ठेवून येईन.

तुमची,
शालन